ठिगळ लावा, पण नावगावासकट

वायफाय चिपच्या फर्मवेअरमधली खोट फर्मवेअरमध्येच दुरुस्त व्हावी, लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरने तिच्यासाठी ठिगळे लावत बसू नये, असे म्हणणारा एक पक्ष आहे. चूक एकाची आणि निस्तरायची दुसऱ्याने, हा कुठला न्याय? शिवाय ड्रायव्हर फुगतो आणि चिप बनवणाऱ्याला आयती सूट मिळते, अशी त्यांची तक्रार आहे.

तक्रार ऐकायला रास्त वाटते. पण दुरुस्त करायचे कोणी? हे फर्मवेअर चिपमधल्या वेगळ्या प्रोसेसरवर चालते आणि बहुतेक कंपन्या त्याचा सोर्स कोड देत नाहीत. लिनक्सच्या हाती येते ती तयार बायनरी फाइल. नवे मॉडेल बाजारात आले की जुन्याकडे वळून पाहण्यात कंपनीला फारसा रस उरत नाही. लॅपटॉप मात्र पुढे कित्येक वर्षे वापरात असतो. तत्त्व शाबूत राहिले आणि नेट बंद पडले, तर त्या तत्त्वाचे काय लोणचे घालायचे?

ड्रायव्हर फुगतो म्हणणाऱ्यांनी ब्रॉडकॉमच्या चिपसाठीचा ‘बीआरसीएमएफमॅक’ उघडून पाहावा. ४३२९ या चिपला स्कॅन करताना वीज वाचवण्याची एक सोय बंद ठेवावी लागते. ड्रायव्हरने त्या चिपच्या नावावर एक बिट राखून ठेवला आहे. स्कॅन सुरू झाले की सोय बंद, संपले की पुन्हा चालू. मोजक्या ओळींचे काम. इतर चिपांना त्याची झळ नाही.

आता सूट मिळण्याचा मुद्दा. क्वालकॉमच्या चिपसाठीचा ‘एटीएच१०के’ सुरू होताना चिपवर ओटीपी हा छोटा प्रोग्रॅम चालवतो आणि त्यातून कॅलिब्रेशन होते. काही फर्मवेअरच्या बाबतीत या प्रोग्रॅमने दिलेल्या एरर कोडवर भरवसा ठेवता येत नाही. तशी खूण फर्मवेअरच्या फाइलमध्येच करायची व्यवस्था आहे. खूण दिसली तर ड्रायव्हर त्या एररकडे काणाडोळा करतो. एरवी कॅलिब्रेशन फसल्याचे सांगून तिथेच थांबतो. याला सूट कसली म्हणायची? हा लेखी कबुलीजबाब झाला. बंद फर्मवेअरमध्ये जी खोट कुणाला दिसली नसती, ती खुल्या ड्रायव्हरमध्ये कोणालाही वाचता येते.

म्हणून कसलेही ठिगळ चालेल असे मात्र नाही. एका चिपच्या दुखण्यापायी सगळ्यांचे पॉवर सेव्ह बंद करणे हा आळस झाला. कारण न लिहिता मध्येच थोडे थांबण्याची ओळ घुसडणे त्याहून वाईट. पुढे ती काढायला कोणी धजत नाही. रिअलटेकच्या ‘आरटीडब्ल्यू८८’मध्ये एएसपीएम, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस जोडणीची वीज वाचवण्याची सोय, बंद करण्याचा पॅरामीटर आहे. अडचणीच्या वेळी तो उपयोगी पडतो, पण तो शोधून भरण्याचे काम वापरणाऱ्याच्या गळ्यात पडते. नेमके कोणते मशीन अडते हे कळले, की ते नाव ड्रायव्हरमध्येच नोंदवावे. चिप कोणती, फर्मवेअर कोणते, लक्षण काय आणि ठिगळ कधी काढता येईल, एवढे लिहिलेले असले की ते कर्नलमध्ये मानाने बसते.

खरा इलाज सोर्स कोड खुला करणे हाच. ‘एटीएच९के-एचटीसी’ या ड्रायव्हरवर चालणाऱ्या चिपांचे फर्मवेअर २०१३ मध्ये खुले झाले, तेव्हापासून तिथली खोट मुळातच दुरुस्त करण्याची वाट बाहेरच्यांनाही मोकळी आहे. शुद्धतेचा आग्रह धरायचाच असेल तर तो कंपन्यांच्या दारात जाऊन धरावा. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला बोल लावून एकही चिप सुधारणार नाही.