न बांधलेल्या इमारतीचे छायाचित्र : पुरावा की जाहिरात?

विशेष प्रतिनिधी

नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीतील चित्रात समोरचा रस्ता अनेकदा प्रत्यक्षापेक्षा रुंद भासतो आणि शेजारची इमारत दूर सरकलेली दिसते. परिसराच्या खऱ्या छायाचित्रात संगणकावर रचलेली इमारत बसवून अशी चित्रे तयार होतात. त्यांतील झाडे, रंग आणि प्रकाश यांकडे पाहणाऱ्याचे लक्ष जाते. पण चित्राचा खरेखोटेपणा ठरतो तो वेगळ्याच बाबीवर. छायाचित्र घेणारा कॅमेरा आणि संगणकातील काल्पनिक कॅमेरा एकाच जागी, एकाच दिशेने रोखलेले आहेत काय, हा कळीचा प्रश्न आहे.

सात आकड्यांचा हिशेब

हा मेळ घालण्यासाठी प्रामुख्याने सात आकडे लागतात. कॅमेऱ्याच्या जागेचे तीन, त्याच्या रोखाचे व कलाचे तीन आणि लेन्सच्या नाभीय अंतराचा एक. काटेकोर कामात भूमापक कॅमेऱ्याची जागा मोजतात. शिवाय दिव्याचा खांब, गच्चीचा कोपरा अशा छायाचित्रात दिसणाऱ्या स्थिर खुणांचीही मोजणी करतात. संगणकातील या खुणा छायाचित्रातील खुणांवर तंतोतंत बसल्या, तरच नियोजित इमारत योग्य जागी आली असे मानता येते. मोजणी नसेल, तर जुन्या इमारतींच्या समांतर रेषा चित्रात दूरवर कोठे मिळतात हे पाहून क्षितिजरेषा आणि लेन्स यांचा अंदाज बांधावा लागतो.

चुकीची किंमत लहान नसते. कॅमेऱ्यापासून ५०० मीटरवरील १०० मीटर उंचीची इमारत ५० मीटर मागे बसवली गेली, तर ती ९१ मीटर उंचीची असल्यासारखी दिसते. म्हणजे कागदावरील एकही आकडा न बदलता सुमारे तीन मजले नाहीसे होतात.

मेळ अचूक असूनही दिशाभूल होऊ शकते. ‘फुल-फ्रेम’ कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ४० अंशांचा परिसर टिपते, तर २४ मिलिमीटरची सुमारे ७४ अंशांचा. दोन्ही छायाचित्रे एकाच आकारात छापली, तर दूरचा मनोरा दुसऱ्या चित्रात निम्म्याहून लहान दिसतो. गणित बरोबर असते, पण पाहणाऱ्याची समजूत चुकते.

लंडनचा धडा

सेंट पॉल कॅथीड्रलसारख्या वास्तूंची दृश्ये जपणाऱ्या लंडनने या प्रश्नाला नियमाचे रूप दिले. शहराच्या २०१२ च्या सुधारित मार्गदर्शिकेत २७ दृश्ये निश्चित केलेली असून, नियोजित इमारतींच्या अचूक दृश्यचित्रांच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पातळीवर केवळ स्थान व आकारमान दाखवले जाते. शेवटच्या पातळीवर बांधकाम साहित्यही. ब्रिटनमधील लँडस्केप इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये अशा चित्रांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सला प्राधान्य दिले.

तरीही कोणत्या जागेवरून पाहायचे, हा प्रश्न उरतोच. रिचमंड पार्कमधील किंग हेन्रीज माउंड या टेकाडावरून सोळा किलोमीटर दूरचे सेंट पॉल दिसते. २०१६ मध्ये त्याच्या घुमटामागे, स्ट्रॅटफर्ड येथे उभा राहिलेला मनोरा डोकावू लागला आणि वाद पेटला. बांधकाम वर आल्यानंतरच हा परिणाम लोकांच्या ध्यानी आला. ज्या जागेवरून चित्र तपासले जात नाही, तेथील हानी कोणत्याही अचूक तंत्राला दिसत नाही.

जर्मनीतील ड्रेस्डेनमध्ये एल्ब नदीवरील नियोजित पुलाच्या दृश्य परिणामाचा अभ्यास झाला. २००६ मध्ये युनेस्कोने तेथील नदीखोऱ्याला धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत टाकले आणि २००९ मध्ये त्याचा जागतिक वारसा दर्जाच काढून घेतला.

आपल्याकडे काय?

मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला २०१८ मध्ये हाच दर्जा मिळाला. ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या असलेल्या या इमारतींचे महत्त्व त्यांच्या एकत्रित दृश्यात आहे. तेथे मागून डोकावणारा एखादा मनोरा मैदानातून कसा दिसेल, हे आधी कळणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

ग्राहकांच्या बाबतीत ‘रेरा’ कायद्याचे कलम १२ लागू होते. जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील चुकीच्या, खोट्या विधानावर विसंबून आगाऊ रक्कम भरलेल्या आणि त्यामुळे नुकसान सोसावे लागलेल्या व्यक्तीला भरपाई मिळण्याची तरतूद त्यात आहे. मात्र चित्र कोठून, किती उंचीवरून आणि कोणत्या लेन्सने पाहिले, हे सांगण्याचे बंधन या कलमात नाही. विधान खोटे ठरवता येते. ज्या चित्राचा कॅमेराच अज्ञात आहे, ते खरे वा खोटे ठरवणे अवघड असते.

उपाय खर्चिक नाही. कॅमेऱ्याची जागा, जमिनीपासूनची उंची, लेन्स आणि छायाचित्राचा दिनांक, एवढा तपशील चित्राखाली छापणे सक्तीचे केले, तर कोणीही नागरिक त्याच जागी उभा राहून पडताळणी करू शकेल. तोवर ही चित्रे हरकती-सूचनांच्या सुनावणीत पुरावा म्हणून मांडली जाण्याच्या योग्यतेची नाहीत. त्यांचे स्थान जाहिरातीचेच राहील.