चिंतेच्या रुग्णाला ईमान शिकवू नका

छाती धडधडते, झोप उडते, आणि मोहल्ल्यात निदान तयार असते: ईमान कमजोर आहे. मग तावीज, दम केलेले पाणी, आमिलाची फी. मधुमेहाच्या रुग्णाला असे कोणी ऐकवत नाही. चिंतेच्या रुग्णालाच का?

सीबीटी ही परक्यांची गोष्ट म्हणणाऱ्यांनी अबू झैद अल-बल्खी वाचावा. इ.स. 934 मध्ये वारलेल्या या मुस्लिम विद्वानाने शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. क्रोध, भीती, दुःख आणि वसवसे यांचा त्याने वेगवेगळा विचार केला. घरात औषधे ठेवतो तसे मन शांत असताना चांगले विचार तयार ठेवा, असे तो सांगतो. 1960च्या दशकात अमेरिकेत ॲरन बेक यांनी सीबीटी मांडली. अल्बर्ट एलिस यांची जवळची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली.

यात जादू नाही. 'मॅनेजरने बोलावले, म्हणजे नोकरी गेली' हा विचार कागदावर लिहायचा, पुरावा तपासायचा, टाळलेल्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे जायचे. आम्ही इंजिनिअर कोडमधला बग असाच शोधतो. तिथे कोणी आमचे ईमान तपासत नाही.

नमाज पढा, दुआ मागा, उपचारही घ्या. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. 2017च्या कायद्याने सरकारी मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे. कोंढवा, मोमिनपुऱ्यातल्या मशिदींच्या ट्रस्टींनो, महापालिकेच्या दवाखान्यात सीबीटी शिकलेला समुपदेशक मागा. जुम्म्याच्या खुतब्यात एवढे तरी सांगा: हा आजार आहे, गुनाह नाही.