ठिपका नव्हे, रेषा पाहा

यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम पोडावरची अंगणवाडी असो वा शहरातील दवाखाना, बाळाच्या वजनाचा आलेख जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवरच बेतलेला असतो. ही मानके ठरविताना भारतासह सहा देशांतील बालकांचा अभ्यास झाला; त्यामुळे ‘आपली मुले मुळातच बारीक’ ही सबब टिकत नाही. मात्र मधल्या रेषेखालचा ठिपका पाहून पालकांनी धास्तावण्याचेही कारण नाही. निम्मी निरोगी मुले त्या रेषेखालीच असतात आणि पहिल्या वाढदिवसानंतर वजनवाढ मंदावतेच. चिंता हवी ती सलग दोन-तीन महिने आडव्या राहणाऱ्या वा घसरणाऱ्या रेषेची. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरल्यास ते तीव्र कुपोषण असते. तेथे विलंब जिवावर बेततो. घसरती रेषा नोंदवहीतच पडून राहणार असेल, तर अंगणवाडीतला वजनकाटा असून नसल्यासारखाच!