विद्येची गाडी आणि डॉक्टराची सुई

गरिबाच्या दारीं विद्या दोन प्रकारांनीं येते. एक कांहीं देण्यासाठीं येते, दुसरी कांहीं नेण्यासाठीं येते. दोघींचे कपडे सारखेच स्वच्छ, दोघींची भाषा गोड आणि दोघींच्या हातांत वही. मग कुणबी, माळी, सुतार, न्हावी यांनीं त्यांतली कोणती कोणती हें ओळखावें कसें? आमचें म्हणणें असें कीं, ती निघून गेल्यावर घरांत काय शिल्लक राहिलें तें पाहावें. अमेरिकेंतील काळ्या लोकांच्या इतिहासांत हा फरक एकाच परगण्याच्या शिवारांत पाहावयास सांपडतो. म्हणून ती हकीकत आज वाचकांपुढें मांडीत आहों.

त्या लोकांशीं आमचें नातें आजचें नव्हे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेंत गुलामांच्या सुटकेसाठीं झटलेल्या भल्या लोकांस अर्पण केली होती. गुलामगिरी तेथें १८६५ सालीं कायद्यानें संपली. पण जमीन गोऱ्या मालकाचीच राहिली. काळा मनुष्य त्याच जमिनीवर वाट्यानें कापूस पिकवूं लागला. बी उधार, औत उधार, पोटाचें धान्य उधार, आणि हंगामाच्या अखेरीस हिशेबाची वही मालकाच्या हातांत! यांतलें दुःख आमच्या वाचकांस फोड करून सांगावयास नको.

अलाबामा प्रांतांत मेकन नांवाचा परगणा आहे. त्यांत टस्केगी या गांवीं १८८१ सालीं काळ्या लोकांतून शिक्षक तयार करणारी शाळा निघाली. तिचे पहिले मुख्य बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले. विद्यार्थ्यांनीं आपल्या हातांनीं विटा पाडल्या, भट्ट्या लावल्या आणि आपल्याच शाळेच्या इमारती उभ्या केल्या. १८९६ सालीं तेथें शेतकी शिकविण्यास जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. तेही गुलामाच्याच पोटचे. कापसामागून कापूस घेऊन जमीन निकस झालेली त्यांनीं पाहिली. चवळी, भुईमूग, रताळीं यांची फेरपालट त्यांनीं प्रथम स्वतःच्या शेतावर करून पाहिली आणि मग लोकांस सांगितली. बेवडाचें महत्त्व आमच्या कुणब्यास नवें नाहीं. पण प्रयोग करून, साध्या भाषेंत पत्रिका छापून तें शेतकऱ्याच्या हातीं देणारा प्रोफेसर मात्र विरळा. भुईमूग लावावा कसा आणि त्याचे खाण्याचे १०५ प्रकार करावे कसे, ही त्यांची पत्रिका १९१६ सालची आहे. शेतकऱ्याच्या बायकोच्या चुलीपर्यंत पोंचणारें हें संशोधन होतें.

परंतु ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें काय करावें? यासाठीं १९०६ सालीं टस्केगीनें एक गाडी सज्ज केली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनीं पैसा दिला, म्हणून तिला जेसप गाडी म्हणत. औजारें, बियाणें, दूधदुभत्याचें सामान भरून ती बांधावर जाई, आणि तेथें काम प्रत्यक्ष करून दाखवीत. त्याच सालीं थॉमस कॅम्बेल या टस्केगीच्याच काळ्या पदवीधरास सरकारी शेतकी खात्यानें या कामावर नेमलें. ही गाडी निघून गेल्यावर घरांत काय राहिलें? सुधारलेलें बी राहिलें, हुन्नर राहिला, आणि टस्केगीचीं माणसें आपलीं आहेत हा भरंवसा राहिला.

त्याच परगण्यांत १९३२ सालीं दुसरी विद्या आली. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनीं सुमारें ६०० काळे पुरुष निवडले. बहुतेक वाट्यानें शेती करणारे. त्यांपैकीं ३९९ जणांस उपदंश, म्हणजे गरमीचा रोग होता आणि २०१ जणांस नव्हता. औषध न देतां हा रोग शरीराची काय दशा करतो, हें या डॉक्टरांस शेवटपर्यंत पाहावयाचें होतें. रोग्यांस मात्र ‘तुमचें रक्त खराब आहे’ एवढेंच सांगितलें. पाठीच्या कण्यांत सुई घालून पाणी काढीत, आणि हाच उपचार असें भासवीत. तपासणीच्या दिवशीं जेवण, जाण्यायेण्यास मोटार आणि मेल्यावर मातीचा खर्च, एवढा मोबदला. आणि त्या खर्चाच्या बदल्यांत प्रेत चिरून पाहण्याची परवानगी. टस्केगीच्या संस्थेनें आणि तिच्या रुग्णालयानें या कामास हात दिला. रोग्यांस घरोघर जाऊन गोळा करणारी परिचारिकाही त्यांच्याच वर्णाची होती.

१९४७ च्या सुमारास या रोगावर पेनिसिलीन हें खात्रीचें औषध सर्रास वापरांत आलें. तें या लोकांस देण्यांत आलें नाहीं. उलट दुसरीकडे जाऊन तें त्यांनीं घेऊं नये अशी खटपट करण्यांत आली. कित्येकांच्या बायकांस रोग लागला, मुलें तो घेऊनच जन्मलीं. त्याच खात्यांतील पीटर बक्स्टन या नोकरानें १९६६ पासून वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. त्या कोणीं मनावर घेतल्या नाहींत. अखेर १९७२ सालीं वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हां कोठें हा प्रकार थांबला. चाळीस वर्षें! १९७४ सालीं १ कोटी डॉलरांवर कज्जा मिटला, आणि माणसांवरील संशोधनास निर्बंध घालणारा कायदा झाला. १९९७ सालीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली. त्या वेळीं त्या ६०० पैकीं अगदीं थोडे म्हातारे हयात होते.

वाचकहो, यांत सर्वांत मोठी चोरी कोणती झाली? आमच्या मतें भरंवशाची. जो भरंवसा गाडीनें कमावला तो सुईनें खर्चिला. आपल्या संस्थेचें नांव, आपल्या वर्णाची बाई, मग शंका कोण घेणार? पुढें हा विश्वास असा उडाला कीं, आजारी काळा मनुष्य दवाखान्याची पायरी चढेना. मार्सेला अल्सन आणि मेरियन वानामेकर या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं २०१८ सालीं हिशेब प्रसिद्ध केला. १९७२ च्या बोभाट्यानंतर काळ्या पुरुषांचें पंचेचाळिशीपुढचें आयुर्मान या अविश्वासामुळें दीड वर्षापर्यंत घटलें, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे ज्यांस सुई कधीं टोंचली नाहीं तेही तिनें मेले.

कोणी शहाणे म्हणतात, ‘शास्त्र पुढें जावयाचें तर कोणीतरी सोसलेंच पाहिजे.’ त्यांस आमचा उलट सवाल आहे. सोसणारा नेहमीं काळा, निरक्षर आणि कर्जबाजारी कां असावा? बँकवाल्याच्या मुलाचें औषध चाळीस वर्षें कोणीं रोखलें असतें काय? आणि औषध सांपडल्यावरही जो रोग्यास तें देत नाहीं तो शास्त्रासाठीं काय शोधीत होता?

संशोधनच नको, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. लॉस एंजेलिस शहरांतील सीडर्स-सायनाय रुग्णालयाचे डॉक्टर रोनाल्ड व्हिक्टर यांनीं केलेला प्रयोग आमच्या न्हावी बंधूंनीं लक्ष देऊन वाचावा. काळे पुरुष दवाखान्यांत येत नाहींत, पण हजामतीस तर येतात! म्हणून त्यांनीं काळ्या न्हाव्यांच्या ५२ दुकानांत रक्तदाबाचें काम सुरू केलें. एकंदर ३१९ गिऱ्हाइकें घेतलीं. कांहीं दुकानांत न्हाव्यानें फक्त डॉक्टराकडे जाण्याचा सल्ला दिला. बाकीच्या दुकानांत औषधें जाणणारा जाणकार स्वतः येऊन तेथेंच गोळ्या ठरवून देऊं लागला. सहा महिन्यांत सल्ल्याच्या दुकानांतील गिऱ्हाइकांचा वरचा दाब सरासरी ९ अंशांनीं उतरला, औषधाच्या दुकानांत २७ अंशांनीं. २०१८ सालीं हा निकाल प्रसिद्ध झाला. येथें पंडितांनीं न्हाव्यास अडाणी मानलें नाहीं. गांवाचा विश्वास ज्याच्या खुर्चीपाशीं बसतो त्यास त्यांनीं भागीदार केलें आणि औषध रोखलें नाहीं, हातांत दिलें. जेसप गाडीचीच ही नात म्हणावी.

पण गाडी चालावयाची तर बैलांस वैरण लागते. १८६२ सालीं अमेरिकेच्या सरकारनें प्रांतांस शेतकी आणि कारागिरीचीं कॉलेजें काढण्यासाठीं जमिनी दिल्या. एक कोटी एकरांहून अधिक जमीन, आणि ती तेथील मूळ रहिवाशांपासून घेतलेली! या कॉलेजांत दक्षिणेकडे काळ्या मुलास पाऊल टाकूं देत नसत. १८९० सालीं दुसरा कायदा आला: वर्ण न पाहतां मुलें घ्या, नाहीं तर काळ्यांसाठीं वेगळें कॉलेज काढा. दक्षिणेनें वेगळें कॉलेज पत्करलें आणि त्यास उपाशी ठेवलें. १९१४ सालीं शेतकऱ्यांपर्यंत शेतकी ज्ञान नेण्यासाठीं केंद्राचा पैसा सुरू झाला; तो कोणत्या कॉलेजास द्यावयाचा हें प्रांताच्या हातीं ठेवलें, आणि तो गोऱ्यांच्या कॉलेजांकडे वळला. १८९० च्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या १९ संस्था आज आहेत. टस्केगी त्यांतच गणली जाते. २०२३ सालच्या सप्टेंबरांत केंद्राच्या शिक्षण व शेतकी खात्यांच्या मंत्र्यांनीं १६ प्रांतांच्या गव्हर्नरांस पत्रें लिहिलीं. मागील तीस वर्षांतच या संस्थांस बरोबरीच्या हिशेबानें १२०० कोटी डॉलरांहून अधिक कमी मिळाले, असें त्यांत आंकड्यांनिशीं दाखविलें.

त्याच २०२३ सालच्या जूनमध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें कॉलेज-प्रवेशाच्या वेळीं वर्णाचा विचार करण्यास बंदी केली. २०२५ च्या फेब्रुवारींत तर या संस्थांतील शेतकीच्या मुलांची सरकारी शिष्यवृत्तीच थांबविण्यांत आली; ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत ती पुन्हा सुरू करावी लागली. ‘आतां सारे सारखे, वेगळी तरतूद कशाला?’ असें जे विचारतात, त्यांचा न्याय मोठा गमतीचा आहे. वांटणीच्या दिवशीं वर्ण पाहावयाचा आणि बाकी मागावयाच्या दिवशीं डोळे मिटावयाचे! दोन भावांपैकीं एकास तीस वर्षें अर्धपोटीं ठेवून एकतिसाव्या वर्षीं ‘आतां कुस्ती बरोबरीची’ म्हणणाऱ्यास आमच्या आखाड्यांत कोणी पंच नेमणार नाहीं.

समतेवर ग्रंथ लिहिणारें विद्यापीठ आणि समता देणारें विद्यापीठ एकच असेल असें नाहीं. म्हणून आपल्या दारीं कोणी वही घेऊन आला तर त्यास पाणी द्या, बसावयास घोंगडी द्या, आणि निर्भयपणें विचारा: हें कशासाठीं लिहून घेतां? याचें फळ आमच्या घरीं केव्हां आणि कोणत्या रूपानें येईल? आम्ही नाहीं म्हटलें तर चालेल काय? जो खरा असेल तो उत्तर देईल, आणि निकाल सांगावयास पुन्हा येईल. अंगठा उठविण्यापूर्वीं कागद वाचून घ्या. स्वतः वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. आणि तिला सातवीनंतर घरीं बसवूं नका. कार्व्हर गुलामाच्या घरीं जन्मले. वही त्यांच्या हातांत आली, म्हणूनच ती गाडी शेताकडे वळली.