दिशा उसनी मिळत नाही

उमरी म्हटले की जुन्या पिढीला हैदराबाद मुक्तिसंग्रामातील 1948 चा बँकेवरील छापा आठवतो. निजामी राजवटीत कोंडलेल्या मराठवाड्याने लढ्यासाठी द्रव्य उभे केले ते आपल्याच भूमीतून. बाहेरची मदत आटली की स्वबळावरच उभे राहावे लागते, हा त्या घटनेचा धडा. संरक्षणशास्त्रातील एक विद्या तोच धडा गणिताच्या भाषेत देते.

ती विद्या म्हणजे जडत्वाधारित दिशादर्शन. उपग्रहाचे संदेश युद्धकाळी शत्रू बिघडवू शकतो, परका देश नाकारू शकतो. पृथ्वीचे गुरुत्व आणि तिचे फिरणे मात्र कोणालाच रोखता येत नाही. त्यांच्याच आधारे जायरोस्कोप आणि त्वरणमापक क्षेपणास्त्राला, पाणबुडीला आपले स्थान सांगतात. परंतु हे यंत्र प्रत्येक पाऊल मागच्या पावलावरून मोजते. म्हणून निघण्यापूर्वी खालची दिशा कोणती आणि उत्तर कोणती, हे त्याला अचूक कळावे लागते. आरंभीच 1 अंशाची चूक राहिली, तर 75 किलोमीटरवर नेम सव्वा किलोमीटरहून अधिक ढळतो.

असे यंत्र उमरीच्या रेल्वे फलाटावर स्थिर ठेवले, अशी कल्पना करावी. गुरुत्व त्याला खालची दिशा दाखवील. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. उमरीच्या सुमारे 19 अक्षांशावर त्या गतीचा 14.2 अंशांचा घटक आडव्या पातळीत उत्तरेकडे असतो. तो सापडला की उत्तर सापडली. पण गाडी गेली की फलाट हादरतो आणि जायरोस्कोपही किंचित भरकटतो. येथे उपयोगी पडतो तो रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मांडलेला फिल्टर. गणिताने केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष मोजमाप यांतील कोणावर किती विश्वास टाकावा, हे तो क्षणोक्षणी ठरवतो आणि चूक कमी करत नेतो. तथापि गणित म्हणजे जादू नव्हे. पूर्वेकडे रोखलेल्या जायरोस्कोपमध्ये तासाला 0.01 अंशाचा दोष असला, तर दिशा 0.04 अंशाने चुकते. यंत्र स्थिर असताना फिल्टरला हा दोष वेगळा ओळखता येत नाही. यंत्र वळवून पुन्हा मोजावे लागते. उत्तम उपकरण आणि उत्तम गणित, दोन्ही आपलीच हवीत.

1987 च्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेने अशा उपकरणांच्या व्यवहारावर बंधने घातली. भारत तिचा सदस्य झाला तो 2016 मध्ये. तोवर आपल्या शास्त्रज्ञांनी ही वाट स्वतःच तुडवली होती. 12 जानेवारी 2017 रोजी चांदीपूर येथे मार्गदर्शित पिनाक अग्निबाणाची चाचणी यशस्वी झाली. त्यामागे पुण्याची शस्त्रास्त्र संशोधन संस्था आणि हैदराबादचे रिसर्च सेंटर इमारत यांचे श्रम होते.

मग मराठवाड्यातील तरुणाने ही विद्या दुरून का पाहावी? नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 पासून उभे आहे. उपकरणशास्त्र तेथे शिकवले जाते. मोबाइलमधील स्वस्त संवेदक पृथ्वीचे फिरणे टिपण्याइतके काटेकोर नसले, तरी फिल्टर शिकण्यास पुरेसे आहेत. काल्मनचे समीकरण परीक्षेपुरते पाठ न करता विद्यार्थ्यांनी ते हाताने चालवून पाहावे, चुकावे, दुरुस्त करावे. प्राध्यापकांनी आणि पालकांनी त्यासाठी त्यांना वेळ द्यावा. यंत्रे कदाचित विकत मिळतील. दिशा शोधणारी बुद्धी घरीच घडवावी लागेल.