इंजिन मीटरने नव्हे, हयगयीने मरते

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या गाठी वाहणारी माझी जुनी ट्रॅव्हलर ४ लाख किलोमीटर चालली आहे. तिचे डिझेल इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ च्या घराण्यातले. मुले म्हणतात, हप्त्यावर नवी घ्या. माझा तजुर्बा वेगळा आहे. ऑइल वेळेवर बदलले नाही तर बेअरिंग झिजते. कूलंटऐवजी नळाचे पाणी ओतले तर आतून गंज धरतो, इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते. सहलीसाठी बांधलेली कॅरव्हॅन तर महिनोन्‌महिने उभी राहूनच बिघडते, बंद पडलेल्या मागासारखी. म्हणून जुनी गाडी घेताना मीटर नंतर पाहा, ऑइल-कूलंटच्या पावत्या आधी मागा. कॉम्प्रेशन तपासून घ्या. गाडी पासिंगला उतरत असेल आणि इंजिन बांधून काम भागत असेल, तर नव्या कर्जाचा बोजा कशाला?