परदेशची सहल नाही? मग आधी सिरपूर!

शाळेच्या ग्रुपवर परदेश सहलीचं पत्रक आलं की घरोघरी हिशेब सुरू होतो. शेतं, कार्यशाळा, प्राचीन अवशेष! कुणाचं नाव यादीत लागतं, कुणी मूल गप्प बसतं. आजचं सदर त्या गप्प बसलेल्यांसाठी.

हे तिन्ही आपल्या छत्तीसगडातच आहे. तात्यापाऱ्यातून निघालात की साधारण दोन तासांत महानदीकाठचं सिरपूर. तिथलं सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर राणी वासटाने पतीच्या स्मरणार्थ बांधलं. जवळच बौद्ध विहारांचे अवशेष. त्याच शतकात चिनी भिक्षू ह्युएन त्संग या दक्षिण कोसलात आला होता. म्हणजे तेव्हा शिकायला परदेशातून लोक आपल्याकडे येत!

शेत पाहायचं तर धमतरी जिल्ह्यातलं नगरी. तिथल्या सुगंधी दुबराज तांदळाला २०२३ मध्ये जीआय मानांकन मिळालं. कार्यशाळा कोंडागावात. मातीच्या गाभ्यावर मेणाची नक्षी, वर पुन्हा मातीचा लेप. मेण वितळून गेलं की त्या पोकळीत पितळ ओततात. मोहेंजोदडोची नर्तकीही मेण वितळवूनच घडली.

चार घरांनी मिळून गाडी करा, डबे घ्या. प्रत्येक मुलाला एक वही द्या आणि कारागिराला तीन प्रश्न विचारायला सांगा. परदेश पुढे होईलच, नीट पाहायची सवय मात्र इथेच लावता येते.